पाटी लावली म्हणजे पूल बंद झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "मी रोज मुलीला शाळेत सोडायला इंग्रजांच्या काळातल्या दगडी पुलावरून जाते आणि येताना उड्डाणपुलावरून येते. दगडी पूल शंभर वर्षांचा. उड्डाणपुलावर सिग्नलला थांबले की शेजारून बस गेली तरी पूल हललेला कळतो. कुंडमळ्याचा पूल कोसळल्याची बातमी ऐकल्यापासून दोन्हीकडे जीव मुठीत धरून जाते. जुना पूल सुरक्षित आहे की नाही हे नक्की कोण ठरवते? आणि ते आम्हाला कळणार कसे?"

पुलांची तपासणी आणि दुरुस्ती यातच माझी नोकरी गेली आणि नंतरची सल्लागारीही त्यातच चालू आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी हलण्याचे सांगतो, कारण रोजची धडधड त्याची आहे. उड्डाणपुलाचे गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, खांबांवर बेअरिंगच्या (मधल्या उशीसारख्या ठोकळ्यांच्या) आधाराने टेकलेले असतात. वरून बस गेली की गर्डर काही मिलिमीटर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. आपण गाडी चालवत असलो तर ते जाणवत नाही, सिग्नलला उभे असलो की जाणवते. हे वाकणे गणितात धरलेले असते. दगडी कमानीचा पूल मुळात इतका जड असतो की त्याला बसचे ओझे जाणवतच नाही, म्हणून तो स्थिर वाटतो. तेव्हा हलतो तो आजारी आणि न हलतो तो ठणठणीत, असा हिशेब मांडू नका. लक्ष ठेवायचे ते बदलावर. काल नसलेला दणका आज सांध्यावर लागायला लागला, कठड्याची ओळ एका ठिकाणी खाली गेलेली दिसली, दोन गाळ्यांमधली (गाळा म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग) फट रुंदावली, एका बाजूचा रस्ता दुसऱ्या बाजूपेक्षा बोटभर खाली गेला, तर ती कळवण्याजोगी गोष्ट आहे. पुलाची कुरबूर अशीच सुरू होते.

आता वयाचे. पुण्यात बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल १८६९ चा. संगम पूल १८७५ चा. शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल, जुने लोक अजून ज्याला नवा पूल म्हणतात, तो १९२३ मध्ये खुला झाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हाचे पाणी या तिघांनी सोसले. उलट गुजरातमध्ये वडोदरा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा महिसागर नदीवरचा गंभीरा पूल १९८५ च्या सुमाराचा, आणि ९ जुलै २०२५ ला सकाळी तो चालत्या वाहतुकीसह तुटला. वीसहून अधिक माणसे गेली. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पादचारी पूल साधारण तीस वर्षांचा होता. १५ जून २०२५ च्या रविवारी तो कोसळला तेव्हा चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासच्या आसपास जखमी झाले.

शंभरी पार केलेले उभे आणि तिशी-चाळिशीतले पडलेले, यामागे लोखंड आहे. दगडी कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात आणि दाब सोसण्यात दगडाला तोड नाही. त्यात गंजणारे काही नसते. काँक्रीटच्या पुलात ताण सोसायला सळई असते. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे सुरुवातीला ते सळईला गंजण्यापासून वाचवते. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, ती अल्कता मारतो, आणि त्यासोबत पाणी पोहोचले की सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर पडते, मग पोपडा सुटतो. खालून पाहताना जी उघडी तांबडी सळई दिसते, तिचा आजार दिसण्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो.

आणि हे पाणी नदीचे असतेच असे नाही. बहुतेक वेळा ते वरून येते. दोन गाळ्यांमधल्या एक्स्पान्शन जॉइंटमधली (पूल लांबण्या-आखडण्यासाठी सोडलेल्या फटीतली) रबरी पट्टी फाटते, पाणी निचऱ्याच्या नळ्या मातीने आणि गुटख्याच्या पुड्यांनी बुजतात, आणि पावसाचे पाणी नेमके बेअरिंगवर, गर्डरच्या टोकांवर ओघळत राहते. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही मोठ्या पुलांत एका गाळ्याचे टोक दुसऱ्याच्या खाचेत टेकवलेले असते. ती खाच अरुंद, अंधारी आणि सदा ओली. तिथे माणूस शिरत नाही, कॅमेरा आणि ब्रश नीट पोहोचत नाही. गंभीराच्या प्राथमिक चौकशीत पेडेस्टल (बेअरिंगखालचा ओटा) आणि आर्टिक्युलेशन (गाळे जोडणारा टेकू) चिरडल्याचे सांगितले गेले, म्हणजे याच प्रकारची जागा. एक्स्पान्शन जॉइंट बदलणे आणि नळ्या साफ ठेवणे ही पुलाच्या किमतीच्या मानाने किरकोळ कामे आहेत. पण त्यांचे उद्घाटन होत नाही, म्हणून ती राहतात. हे मी चिडून लिहितो आहे, कारण मी पाहिलेल्या आजारी पुलांपैकी बहुतेकांची सुरुवात एका तुंबलेल्या नळीपासून झालेली होती.

दगडी पुलाचे शत्रू वेगळे. चुन्याचे सांधे पाण्याने धुपतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी फटीत जाते, मुळे दगड विलग करतात. वरवर कापलेला पिंपळ पुढच्या पावसात दुप्पट जोमाने येतो, त्यामुळे मूळ मारून सांधा पुन्हा भरावा लागतो, आणि तोही चुन्यानेच भरलेला बरा. घट्ट सिमेंटने भरला तर आतली ओल अडकते आणि दगडाच्या कडा फुटतात. पण सगळ्यात मोठा शत्रू आपण स्वतः वर चढवून ठेवतो. पुलावर डांबराचा थर टाकताना जुना थर खरवडून काढायचा असतो. तो न काढता थरावर थर चढत जातो. हिशेब करून पाहा : वीस मीटरचा गाळा, साडेसात मीटर रुंदी, म्हणजे दीडशे चौरस मीटर. त्यावर पाच सेंटिमीटर डांबर म्हणजे सतरा टन. असे तीन थर म्हणजे पन्नास टन, आणि ते रात्रंदिवस तिथेच. मग कडेने पाण्याची लाइन जाते. सहाशे मिलिमीटरच्या नळात मीटरला दोनशे ऐंशी किलो नुसते पाणी असते, नळाचे वजन वेगळे. त्यावर केबलचे डक्ट, जाहिरातीच्या कमानी, सुशोभीकरणाच्या कुंड्या. प्रत्येक खाते आपापली परवानगी घेते. एकूण बेरीज कोण करते, हे विचारले की कार्यालयात शांतता पसरते.

नदीवरच्या पुलाला आणखी एक धोका असतो, आणि तो वरून दिसत नाही. पुराच्या पाण्याला खांब अडथळा करतो, तिथे भोवरे तयार होतात आणि पायाभोवतीची वाळू-माती उकरली जाते. पूर ओसरला की त्या खड्ड्यात पुन्हा सैल गाळ बसतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने अंधारात पाण्यात गेली, चाळीसच्या आसपास माणसे परत आली नाहीत. त्या पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती आणि धोका नसल्याचे म्हटले गेले होते. शेजारी दुसरा, नवा पूल उभा होता. दगडी पुलांची मी वर बाजू घेतली, ती अर्धीच खरी आहे हे सावित्री सांगते. कमान कितीही मजबूत असली तरी खालची जमीन सरकली की ती एका क्षणात जाते. कमान जाताना आधी सूचनाही फारशी देत नाही.

आपल्याकडे मुळा-मुठेत आणि इंद्रायणीत याला जलपर्णीची जोड आहे. ती खांबांना येऊन अडकते, पाण्याचा दाब वाढवते आणि पाया झाकून ठेवते. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला की त्यानंतरच्या महिन्यात पायांची खोली मोजलीच पाहिजे. पाणबुड्या उतरवून किंवा निदान वजन बांधलेल्या दोरीने. दोरीला फार खर्च येत नाही. पावसाळ्याआधीची पाहणी आपल्याकडे होते, कारण मे महिन्यात तसे आदेश निघतात. ऑक्टोबरमधली, म्हणजे पुराने काय केले हे सांगणारी पाहणी, मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच ढिली असते.

गर्दीबद्दलही लिहायला हवे, कारण पुण्यात पुलांवर माणसे नुसती चालत नाहीत, थांबतात. विसर्जनाला लकडी पुलावर, पालखीला दापोडीच्या हॅरिस पुलावर, पूर बघायला तर कुठल्याही पुलावर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात पुलाच्या पदपथासाठी चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात, आणि शहराजवळ किंवा यात्रा भरणाऱ्या ठिकाणी ५००. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे दाटीने उभी राहिली की सव्वातीनशे ते चारशे किलो होतात. म्हणजे निरोगी पूल ही गर्दी पेलतो. पण शेतावर जाणाऱ्या चार माणसांसाठी बांधलेल्या लोखंडी सांगाड्यावर सुट्टीच्या दिवशी ही गर्दी चढली, मध्येच मोटारसायकली घुसल्या आणि समोरासमोर अडकून सगळे एकाच जागी खोळंबले, तर परिस्थिती वेगळी होते. त्यात गंज. सहा मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर खाल्ली गेली तर तिचा एक तृतीयांश भाग संपला. रंग मारलेला असेल तर हे डोळ्यांना दिसतही नाही, जाडी मोजण्याचे यंत्र लावावे लागते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो : कोण ठरवते.

तांत्रिक बाजू सांगणे सोपे आहे. पुलाची पाहणी तीन पातळ्यांवर होते. कनिष्ठ किंवा उपअभियंत्याची नेहमीची पाहणी, वरिष्ठांची वर्षातून होणारी बारकाईची पाहणी, आणि शंका आली की चाचण्यांसह केलेले स्ट्रक्चरल ऑडिट. अमेरिकेत १९६७ च्या डिसेंबरात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे गेली. एका दुव्यातल्या काही मिलिमीटरच्या चिरेमुळे. त्यानंतर तिथे साधारणपणे दर दोन वर्षांनी पूल तपासण्याचा देशव्यापी नियम झाला. आपल्याकडे २०१६ मध्ये केंद्राने पुलांची नोंदवही करणारी यंत्रणा सुरू केली, ती प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी. गावातला फरशी पूल, ओढ्यावरचा साकव, शेताकडे जाणारा लोखंडी पूल त्यात येत नाही. आणि माणसे मरतात ती अशाच पुलांवर जास्त, कारण तिथे तपासणारा डोळाच नसतो.

चाचण्यांबद्दल एक इशारा देतो. ऑडिट म्हणून पुष्कळदा काँक्रीटवर रिबाउंड हॅमर (उसळीवरून पृष्ठभागाचा कडकपणा मोजणारा हातोडा) मारून आकडे लिहिले जातात. कार्बन डायऑक्साइड आत गेलेल्या जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे हॅमर उलट चांगला आकडा दाखवतो. म्हणजे आजार जितका जुना तितका अहवाल गोड. म्हणून काँक्रीटचा आतला नमुना (गाभा) काढून तपासणे, फिनॉल्फ्थॅलीन लावून रंग पाहणे (निरोगी काँक्रीट गुलाबी होते, मेलेले होत नाही), सळईच्या गंजाचा अंदाज देणारी हाफ-सेल चाचणी, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे गर्डरच्या टोकापर्यंत हात पोहोचेल अशी शिडी किंवा क्रेन लावून प्रत्यक्ष पाहणे लागते. शंका मोठी असेल तर पुलावर २४ तास ठरलेला भार ठेवून, काढल्यावर पुढच्या २४ तासांत वाकलेला गाळा किती परत वर येतो हे मोजतात. सळई घातलेल्या साध्या काँक्रीटच्या पुलाने किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड (आधीच ताणलेल्या तारांच्या) पुलाने ८५ टक्के परत यायला हवे. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला कोसळला आणि सात जणांचा जीव गेला. ऑडिटमध्ये त्याला किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरायोग्य ठरवले होते. ऑडिट झाले का, एवढे विचारून भागत नाही. कसे झाले, खालून पाहिले का, हे विचारावे लागते.

पण समजा तपासणी चांगली झाली, अहवालात "धोकादायक" असे स्पष्ट लिहिले. पुढे काय? माझा सगळा जीव या प्रश्नात अडकलेला आहे.

कुंडमळ्याचा पूल धोकादायक आहे हे माहीत होते. तशी पाटी तिथे होती. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती, काम सुरू झाले नव्हते. म्हणजे ज्ञान होते, पैशाची सोय होती, आणि तरी त्या रविवारी पूल उघडा होता. गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा खुला केला आणि चार दिवसांत, ३० ऑक्टोबरला, तो तुटला, १३५ माणसे गेली. विशेष तपास पथकाला मुख्य केबलमधल्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या आढळल्या. केबल तीच ठेवून वरचा पृष्ठभाग मात्र नवा केला होता.

अहवाल आणि बंद पूल यांच्यामध्ये एक सही असते. ती सही अवघड का असते हे मी जवळून पाहिले आहे. पूल बंद केला की त्याच दिवशी फोन सुरू होतात. शाळेची बस वळसा घालते, दूधवाला ओरडतो, दुकानदार मोर्चा आणतात, लोकप्रतिनिधी विचारतात की कोणाला विचारून बंद केला. पूल उघडा ठेवला तर कोणी काही म्हणत नाही, आणि बहुतेक वर्षी काही होतही नाही. मग साहेब एक मधली वाट काढतात : पाटी. एका कार्यालयात मी दिलेला, "जड वाहतूक तात्काळ थांबवावी" असे पहिल्याच पानावर लिहिलेला अहवाल पुढच्या पावसाळ्यापर्यंत "वरिष्ठांच्या मार्गदर्शनार्थ" फिरत होता. दरम्यान पुलावर पाटी लागली आणि तिच्या शेजारून ट्रक जात राहिले. त्या पुलाला काही झाले नाही. पण त्याचे श्रेय कोणाकडेही जात नाही.

पाटी लावून जबाबदारी अधिकाऱ्याकडून वाटसरूकडे सरकते. हे मला मान्य नाही. रात्रीच्या अंधारात, पावसात, नव्याने आलेल्या माणसाने पाटी वाचून पुलाची ताकद ठरवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पूल बंद करायचा तर तो प्रत्यक्ष बंद करायचा. मोटारसायकल जाणार नाही असे खांब रोवायचे, दोन्ही टोकांना भिंत घालायची, आणि त्याच आदेशात लोकांना दुसरी वाट द्यायची. कुंडमळ्याचा पूल मुळात शेतकऱ्यांच्या सोयीचा होता. त्यांची वाट तोडून नुसता पूल बंद केला असता तर अडथळा रातोरात निघाला असता, हेही खरे. तात्पुरता साकव, होडीची सोय, वळणरस्ता यांचा खर्च बंदीच्या आदेशाबरोबरच मंजूर व्हायला हवा.

आणि हे आपल्याला जमत नाही असे नाही. पुण्यातला मुठेवरचा बुटका भिडे पूल पाहा. खडकवासल्यातून विसर्ग ठरलेल्या आकड्याच्या वर जातो म्हटल्यावर नदीपात्रातला रस्ता आणि तो पूल बंद होतो. बॅरिकेड येतात, पोलीस उभे राहतात. त्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागत नाही, कोणाला मन घट्ट करावे लागत नाही, पुणेकर कुरकुर न करता दुसऱ्या पुलाने जातात. कारण आकडा आधी ठरलेला आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक जुन्या पुलासाठी असेच आकडे आधीच लिहून ठेवता येतात. पाण्याची पातळी या खुणेवर आली की बंद. पायाजवळची खोली इतकी वाढली की बंद. गाळा इतके मिलिमीटर खाली आला की जड वाहने बंद, इतके आला की सगळेच बंद. अहवालात शेरा असा पडला की इतक्या दिवसांत दुरुस्ती, नाहीतर आपोआप बंद. मग कार्यकारी अभियंत्याला धाडस दाखवावे लागत नाही, फक्त मोजावे लागते. उघडा ठेवायचा असेल तर मात्र कोणीतरी कारण लिहून, नावाने सही करून उघडा ठेवावा. आज याच्या उलटे आहे. बंद करायला सही लागते, उघडा ठेवायला काहीच लागत नाही. मला एकच गोष्ट बदलायची मुभा मिळाली तर मी हीच बदलेन.

शहरात वेळेवर बंद केल्याचे उदाहरणही आहे. पुणे स्टेशनकडून कोरेगाव पार्ककडे जाणारा, रेल्वेवरचा साधू वासवानी पूल धोकादायक ठरला, आधी जड वाहनांना बंद झाला, मग पूर्ण बंद करून पाडायला घेतला. वाहतुकीची कोंडी झाली, लोक वैतागले, वर्तमानपत्रांत गैरसोयीच्या बातम्या आल्या. तो पडला असता तर खाली रेल्वे होती. त्या गैरसोयीबद्दल मी प्रशासनाचे अभिनंदनच करेन, आणि आपण नागरिकांनी अशा वेळी बंद पुलाच्या बाजूने बोलायला शिकले पाहिजे. बॅरिकेड बाजूला सारून दुचाकी घालणारा आणि पूल खुला करा म्हणून मोर्चा काढणारा, दोघेही त्या सहीवर दबाव टाकत असतात.

आपल्याकडे पैसा आणि वेग नाही असेही नाही. सावित्रीवर नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला पूल खुला झाला. हा वेग माणसे गेल्यावर येतो. देखभालीचा पैसा मात्र दरवर्षी नव्या कामांच्या खाली दबतो आणि खर्च न झाला तर ३१ मार्चला परत जातो. जुन्या पुलांच्या देखभालीसाठी वर्षाअखेरीस न संपणारा स्वतंत्र निधी हवा, ही अभियंत्यांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे.

तुमचा पूल कोणाचा, हे शोधताना पुण्यात थोडी पायपीट होईल. शहरातले नदीवरचे बहुतेक पूल महापालिकेचे. रुळांवरचा गाळा रेल्वेच्या अखत्यारीत आणि पोहोचरस्ते महापालिकेचे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. ग्रामीण भागात सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद, खडकी आणि देहूरोडच्या बाजूला कॅन्टोन्मेंटही येतात. औंध-सांगवीसारख्या ठिकाणी मुळेचा एक काठ पुण्याचा, दुसरा पिंपरी-चिंचवडचा. अशा पुलांवर दोन्हीकडचे अभियंते आपापल्या टोकापर्यंत येऊन थांबतात. पण महापालिका हद्दीत कायदा स्पष्ट आहे : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते आणि पूल यांची देखभाल ही बंधनकारक कर्तव्यांत आहे. सवड मिळाली तर करायची ती गोष्ट नाही. मार्च २०२२ ला पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात हे प्रश्न सभागृहात विचारणारेच कोणी नव्हते. तुम्हाला नगरसेवक भेटले तर त्यांच्याकडे नवा पूल मागण्याआधी जुन्याचा अहवाल मागा.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. "पूल सुरक्षित आहे का" असे विचारू नका. त्यावर "होय" एवढेच उत्तर येईल. कागद मागा. शेवटच्या पावसाळ्यानंतरच्या पाहणीचा अहवाल आणि ती करणाऱ्याचे पदनाम. स्ट्रक्चरल ऑडिटची पूर्ण प्रत, छायाचित्रांसह. त्यातल्या प्रत्येक शिफारशीपुढे काय कार्यवाही झाली आणि कोणत्या तारखेला. पुलावरून गेलेल्या जलवाहिन्या आणि केबल यांच्या परवानग्या. पायाची खोली शेवटची कधी मोजली. मूळ नकाशे उपलब्ध आहेत का, हेही विचारा. जुन्या पुलांचे नकाशे पुष्कळदा सापडत नाहीत, आणि ते सापडत नाहीत हे लेखी मिळणेसुद्धा उपयोगाचे असते, कारण मग पुलाची ताकद नव्याने मोजणे भाग पडते.

तोवर जाता-येता पाहत राहा. नदीकाठावरून, खालच्या बाजूने पाहिलेत तर जास्त दिसेल : सांध्याखाली ओले डाग, सळईच्या रेषेत तांबूस ओघळ, सुटलेले पोपडे, कमानीतून निखळलेला दगड, पिंपळ. एकाच जागेवरून, एकाच कोनातून, पावसाळ्याआधी आणि नंतर फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. वर्षभराच्या अंतराने काढलेले दोन फोटो अभियंत्याला पानभर तक्रारीपेक्षा जास्त सांगतात. मुलीला घेऊन त्या पुलांवरून जायला, वर सांगितलेला कुठलाही बदल दिसत नसेल तर, माझी हरकत नाही. पुराचे पाणी कमानीच्या निम्म्यावर चढलेले असेल तेव्हा मात्र दगडी पुलावरून जाऊ नका, आणि पाणी बघायला तर कुठल्याच पुलावर थांबू नका.

उत्तर आले की आधी दोन तारखा पाहा : पाहणीची आणि शेवटच्या कार्यवाहीची. पाहणी मे महिन्यातलीच असेल आणि ऑक्टोबरमधली नसेल, किंवा शिफारशींपुढचा रकाना रिकामा असेल, तर पहिले अपील त्याच आठवड्यात टाका आणि त्याची एक प्रत आयुक्तांना द्या.